एकाच बरणीतली दोन कुळं

४ ऑगस्ट, सोमवार

एम.एस्सी.चा सेमिनार. विषय माझाच, माइटचं, म्हणजे आठ पायांच्या बारीक किड्यांचं वर्गीकरण. लॅबच्या भिंतीवरचा झाडाचा तक्ता काठीने दाखवत होतो. नोकरीला लागलो त्या वर्षी तो मी स्वतः ऑइलपेंटने रंगवलाय. एक खोड, दोन फांद्या. एकीवर गोचीड आणि तिचे सोयरे. दुसरीवर बाकीच्या सगळ्या माइट, खरजेच्या, पिठातल्या, हळदीतल्या, मातीतल्या. तीस वर्षं हेच शिकवतोय.

प्रश्न विचारा म्हटलं तर सुजाता उठली. माझी शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, पुसेगावची, चार वर्षं माझ्या लॅबमध्ये. म्हणाली, "सर, खोड एकच आहे असं आता खात्रीने सांगता येत नाही. डीएनएवाले काही जण म्हणतात, गोचिडीची ओळ वेगळी, बाकीच्यांची वेगळी. बारीक, गोल, आठ पायांचं हे रूप दोनदा, वेगवेगळं झालं असेल."

मी म्हटलं, "चार वर्षांत तुला स्लाइडमधला बुडबुडा काढता आला न्हाई, आन् खोड तोडाया निघालीस व्हय?"

पोरं खो खो हसली. सु. खाली बसली, वहीत बघत राहिली. मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

५ ऑगस्ट

दुपारी तीन पेपर वाचले. सु. म्हणते तसंच आहे. वाद चालू आहे, निकाल नाही. तिला सांगणार नाही. तक्ता पुसायचा तर भिंत खरवडावी लागेल, आणि माझे तीनच महिने राहिलेत. ३१ ऑक्टोबरला निवृत्त. सु.च्या नोंदणीची वाढीव मुदतही त्याच दिवशी संपते. माझी सही असेल तर प्रबंध विद्यापीठात जाईल, नसेल तर चार वर्षं पाण्यात. या विषयाचा दुसरा गाइड जिल्ह्यात नाही. हे तिलाही माहीत आहे, म्हणून कालचं मुकाट्याने गिळलं.

९ ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सु. केबिनमध्ये आली. हातात स्लाइडचा डबा. "सर, एक दाखवायचंय. मीच कुठं चुकले का बघता का?"

स्लाइडवर तीन गोष्टी. दोन काती, म्हणजे एकीनेच पाठोपाठ टाकलेल्या कातड्या, आणि त्यांतून बाहेर पडलेली मोठी माइट. पहिली कात पाहिली. ती माझी होती.

माझी म्हणजे, बावीस वर्षांपूर्वी मोंढ्यातल्या हळदीच्या पोत्यातून एका भुंगेऱ्याच्या पोटाखाली चिकटलेली मला सापडली ती. चपटी, तोंड नाही, बुडाला चोषक. खात नाही, पीत नाही, भुंगेऱ्याला धरून दुसऱ्या पोत्यापर्यंत जाते. अपुऱ्या वाढीची अवस्था आहे हे मलाही कळत होतं, पण ती मोठी होऊन काय होते ते कुणी पाहिलेलं नव्हतं. मी तिचा नवा जीनस केला, वेगळा वंशच. नावात हिंगोली घातलं. या गावाबाहेर माझं नाव छापलेलं आहे अशी तेवढी एकच जागा.

आणि स्लाइडवरची मोठी माइट कोण? हळदीच्या भुकटीत ढिगाने असते ती, अगदी सामान्य, शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलेली. माझ्याच पेपरच्या तक्त्यात तिची नोंद आहे: त्याच बरणीत, मुबलक. म्हणजे माय आणि लेकरू एका बरणीत होतं आणि मी त्यांना दोन वेगळ्या कुळांत टाकलं.

हे सगळं ती बोलली नाही. ती फक्त म्हणाली, चुकले का बघता का.

म्हटलं, "भेसळ झाली असेल. मोठी बाहेरून आत आली."

"सर, अकरा खाचा केल्या होत्या. एकेकीत एकेकच ठेवली, वर काच. आठ जणींनी कात टाकली. आठही ह्याच झाल्या."

डबा परत दिला. म्हटलं, बघू.

१० ऑगस्ट

जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, पित्त.

१४ ऑगस्ट

सु.ला विचारलं, स्लाइडच्या कडा बंद केल्यास का. नाही म्हणाली, अजून ओव्हनमध्ये वाळून राहिल्यात, दोन दिवसांनी करते. म्हटलं, "डबा माझ्याकडे ठेव. कडा मी लावतो. तुझा हात थरथरतो."

तिचा हात थरथरत नाही. लॅबमध्ये सगळ्यात स्थिर हात तिचाच आहे.

तिने डबा दिला. "सर, तुमच्याकडं असलेलं बरंच. आमच्या रूमवर मुंग्या लई हायेत."

१९ ऑगस्ट

कडा लावल्या नाहीत. डबा बेसिनखालच्या कपाटात ठेवला. वरचा पाइप गळतो. ज्या मीडियममध्ये आपण माइट बसवतो ते पाण्याने विरघळतं, म्हणून कडेने नेलपॉलिशसारखा लेप फिरवायचा असतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या तासाला मी हेच सांगतो.

जागा तिथेच होती म्हणून ठेवला.

खोटं. जागा वरच्या कपाटातही होती.

२८ ऑगस्ट, गुरुवार

सु.चे वडील घरी आले. दादाराव. गणपतीची पाहुणेमंडळी घरात, नेमके तेव्हाच. नव्या मुगाची पिशवी आणली होती. दारात उभा राहून आधी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग "नमस्कार सर" म्हणाला. त्यांच्यात काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्याने माझ्यासाठी बदललं, आणि मला ते बरोबरच वाटलं.

सौ.ने चहा दिला. पाहुण्यांना कपबशीत, त्याला काचेच्या ग्लासात. कप उरले नव्हते असं काही नाही. त्याच्या लक्षात आलं. माझ्याही. पिऊन झाल्यावर त्याने ग्लास स्वतःच अंगणातल्या नळावर विसळला आणि पालथा घालून ठेवला.

"सर, पोरीचं ते पुस्तक कवा व्हईल? गावात लोक इचारून राहिलेत. म्या म्हनलं, सर हायेत, सर करतेत."

"तिला घाई फार. घाईत शास्त्र होत नसतं, दादाराव."

"व्हय. तकलीफ देती का तुमाला?" मग म्हणाला, "ते किडं कसलं हाय वो, ती सांगती त्ये? तोंडच न्हाई म्हनं त्याला."

अगदी प्रेमाने समजावून सांगितलं. तोंड नाही, खात नाही, दुसऱ्याच्या अंगाला चिकटून राहतं.

"मंग मोठं कवा व्हतं?"

"सोय पाहून."

तो हसला. जाताना सौ.लाही हात जोडले. रात्री मुगाची खिचडी केली. मूग चांगले होते.

६ सप्टेंबर, शनिवार

कपाट उघडलं. आठांपैकी सहा स्लाइड गेल्या. काचा सरकलेल्या, मीडियमचं पाणी झालेलं, काती वाहून डब्याच्या तळाला. उरलेल्या दोन्हींमध्ये बुडबुडे, काय आहे ते ब्रह्मदेवालाही ओळखू येणार नाही. सु.ला बोलावलं.

तिने एकेक स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली. आठही. घाई नाही, रडणं नाही. मी खिडकीशी उभा राहून ग्राउंडवरची कबड्डी बघत होतो. मागून फक्त काच सरकवल्याचा आवाज.

"सर, कडा लावल्या नव्हत्या?"

"तू लावल्या होत्यास ना? तूच म्हणालीस मला."

माझ्यासमोर ती नेहमी पुस्तकी बोलते, चार वर्षांत तिच्या तोंडून गावाकडची बोली एकदोनदाच निसटली असेल. आज म्हणाली, "व्हय सर. मीच इसरले आसन."

डबा पुसून, कोरडा करून घेऊन गेली.

तिला कळलंय. तिने मला खोटं पाडलं नाही याचा राग जास्त आला. भांडली असती तर सोपं झालं असतं, शिस्तभंग म्हणून लिहून मोकळा झालो असतो.

११ सप्टेंबर

सु. चार दिवस आलेली नाही. मस्टरवर रोज लाल रेघ मारली. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी घेतली.

१५ सप्टेंबर

मोंढ्यात दिसली. तोंडाला ओढणी बांधून रिकाम्या पोत्यांची शिवण ब्रशने झाडून बरणीत घेत होती. हमाल चेष्टा करून राहिले होते, "ताई, हळद पायजे तं सांगा, धूळ काहून नेता?" ती पण हसून काहीतरी म्हणाली. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. मला पाहून हात जोडले आणि परत पोत्याकडे वळली.

म्हणजे परत पहिल्यापासून. भुंगेरे धरायचे, पोटाखालून सुईने एकेक काढायची, खाचेत ठेवायची, ओलावा राखायचा आणि वाट बघायची. तीन आठवडे तरी हवेत. पुरतील तिला. मी हिशेब करून पाहिला आणि पुरतील हे पाहून वाईट वाटलं.

२ ऑक्टोबर

दसरा. जुने विद्यार्थी सोनं द्यायला आले. एक जण आता कॉलेजला प्राचार्य आहे, पाया पडला. सु. नाही. ती या दिवशी नागपूरला जाते दरवर्षी. सौ. म्हणाली, "ती खालमानेची पोरगी या वर्षी आलीच नाही का?" म्हटलं, ती कधी या दिवशी आली होती? सौ. म्हणाली, "मला काय ठाऊक, तुमच्या पोरी तुम्हीच ओळखा."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पूर्ण प्रबंध घेऊन आली. बांधलेला, काळं कव्हर. प्रकरण पाच, प्र. ५, उघडून ठेवलं माझ्यासमोर.

या वेळी प्रत्येक कातीचा फोटो, तासातासाला. नऊ जणी. स्लाइड एकही माझ्याकडे नाही. "सर, निम्म्या बाहेरच्या म्युझियमला पाठवल्यात आणि निम्म्या माझ्या जवळ. जपायला बरं." आवाजात काहीही नव्हतं.

प्र. ५ चा शेवट वाचला. माझा जीनस जातो. जुनं नाव खरं, माझं त्याच्या पोटात. नियमच तसा आहे, जे नाव आधी तेच राहतं. भाषा सभ्य आहे. मला तिने नावं ठेवलेली नाहीत. "प्रौढ अवस्था उपलब्ध नसल्याने" असं लिहून माझ्या चुकीवर स्वतःची ओढणी घातलीय. ते वाचून मला तिची किळस आली. दया करतेय माझ्यावर, पुसेगावची पोरगी.

"सर, तुमचं नाव जात नाही तसं. खाली राहतंच, समानार्थी नावांत."

म्हटलं, "प्र. ५ काढ. आत्ता सही करतो."

"मग उरतं काय सर?"

"पीएच.डी. उरते. बाप गावात पेढे वाटेल. तुला अजून काय पाहिजे?"

तिने प्रबंध पिशवीत घातला. "विचार करून सांगते." जिना उतरताना थांबल्याचं ऐकू आलं. मग परत पावलं, खाली.

१७ ऑक्टोबर

सौ.ने विचारलं, त्या पोरीची सही का अडवली. दादारावाने तिला फोन केला होता. माझा नंबर लागत नाही म्हणून. मी लागू देत नाही.

"काहीतरी चूक आहे तिच्यात," मी म्हटलं.

"चूक तिच्यात आहे का कागदात?"

तीस वर्षांत तिने माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा काही विचारलं.

आमचे वडील औंढ्याला देवळात पूजेला होते. म्हणायचे, चूक झाली तर मंत्र थांबवू नये, त्याच सुरात पुढे जावं, ऐकणाऱ्याला काय कळतंय. मी ते घर सोडून विज्ञानाला आलो असं भाषणात सांगतो.

२४ ऑक्टोबर

दिवाळी संपली. सु.चा निरोप नाही. रोज वाट पाहतोय हे कबूल करतो. प्रकरण काढून आणेल, नाक मुठीत धरून येईल, मी लगेच सही करणार नाही, दोन दिवस फिरवेन, मग करेन. हे सगळं मनात घोळवताना छान वाटतं. मला स्वतःची भीती वाटायला पाहिजे खरं तर. वाटत नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, सहा भाषणं. प्राचार्यांनी माझ्या जीनसचं नाव चुकीचं उच्चारलं, पण उच्चारलं. माझ्यामुळे हिंगोली जगाच्या नकाशावर गेली म्हणाले. सु. मागच्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवत होती. नीट बघितलं, खरंच वाजवत होती.

अडीचला केबिन आवरत होतो. सु. आली. एका हातात प्रबंध, दुसऱ्यात ती खाच केलेली छोटी काच. प्रबंध टेबलावर ठेवला, वर सहीचा फॉर्म. प्र. ५ आत आहे. उघडून पाहिलं.

"सर, एक सकाळपासून निपचित पडलीय. आत्ता फुटतेय. या."

मी कोपऱ्यातल्या मायक्रोस्कोपपाशी गेलो. का गेलो ते माहीत नाही. काच तिने तोवर भिंगाखाली लावली होती. पाठीवर उभी चीर पडलेली. आतलं पांढरं, ओलं. ते हळूहळू मागे सरत होतं, आपल्याच कातडीतून. आधी पाय मोकळे झाले. मग तोंड. तोंड नसलेल्या कातीतून तोंड असलेलं बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. वीसेक मिनिटं गेली असतील. मान अवघडली तरी डोळा काढला नाही.

ती शेजारी उभी होती. म्हणाली, "सर, हे तुमी आधी पाहिलं व्हतं ना?"

मी अजून भिंगातच बघत होतो. "व्हय," म्हटलं.

पाहिलं होतं. पेपर छापून आला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, याच टेबलावर. अशीच चीर, असेच पाय. मी वरची काच अंगठ्याने दाबली. एवढंच केलं. आयुष्यात हजारो मारल्या असतील, सगळ्या बघायच्या म्हणून. ती एक दिसू नये म्हणून मारली. कुणाला सांगितलं नव्हतं, या वहीलासुद्धा नाही.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली नाही. काच उचलून झाकण लावलं, पिशवीत ठेवली.

"मंग मला हा इषय काहून दिला?"

मी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. ती म्हणाली, "सांगा सर. मी भाईर बसते." आणि जाऊन बसली.

उत्तर मला पाठ आहे. तिच्याआधी दोघांनी हळदीतल्या माइट मागितल्या होत्या. दोघंही आमच्यातलेच, हुशार. दोघांनाही मी मातीकडे वळवलं, कारण ते भुंगेऱ्यापर्यंत पोचले असते. मग ही आली, पुसेगावहून, शिष्यवृत्तीचा कागद घेऊन. मी अर्जावरचं आडनाव वाचलं. हिला कुठं जमणार, म्हटलं, आणि विषय दिला. मार्कशीट उघडूनही बघितली नव्हती.

ती पहिली आलेली होती, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

आता पावणेपाच. फॉर्म समोर आहे, पेन खिशाला आहे. ऑफिसची खिडकी पाचला बंद होते. दाराच्या फटीतून तिची चप्पल दिसतेय, ती अजून बाकावर बसलेली आहे. सही केली तरी फॉर्म द्यायला दार उघडावं लागेल, आणि ती आधी सहीबद्दल विचारणार नाही, विषयाबद्दल विचारेल.